पंच नसलेल्या खेळाचा पंचनामा

२०२५ सालच्या मे महिन्यात चार ब्रिटिश गृहस्थ लंडनहून निघाले आणि आठवड्याच्या आत एव्हरेस्टच्या माथ्यावर जाऊन उभे राहिले. ज्या शिखरासाठी एरवी माणसे दीड-दोन महिने घरदार सोडून पायथ्याशी तळ ठोकतात, विरळ हवेची शरीराला सवय लागावी म्हणून वर-खाली येरझारा घालतात, ते शिखर या मंडळींनी एखाद्या लग्नाला जाऊन यावे तसे गाठले. निघण्यापूर्वी काही आठवडे ते घरच्या घरी कमी प्राणवायूच्या तंबूत झोपत होते आणि जर्मनीत डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांनी झेनॉन नावाचा वायू हुंगला होता. चढताना नेहमीप्रमाणे प्राणवायूची नळकांडी आणि शेर्पा सोबतीला होतेच.

रविवारच्या चहाबरोबर ही बातमी वाचणाऱ्या आपल्यासारख्यांनी 'कमाल आहे बुवा!' म्हणून पान उलटले असेल. गिर्यारोहकांच्या जगात मात्र त्यावरून केवढा कल्लोळ माजला! एक म्हणाला, ही फसवणूक आहे. खेळाडूंना उत्तेजक म्हणून बंदी असलेला वायू घेऊन चढणे याला चढाई म्हणायचे कसे? दुसरा म्हणाला, पण दिवस कमी लागले म्हणजे कचरा कमी, खुंबूच्या धोकादायक हिमप्रपातातून जाणेयेणेही कमी. मग वाईट काय? गिर्यारोहण संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वैद्यकीय मंडळाने तर जानेवारीतच बजावले होते की, झेनॉनमुळे उंचीवर कामगिरी सुधारते असा पुरावा नाही, उलट गैरवापर घातक ठरू शकतो. नेपाळ सरकारने चौकशी सुरू केली. आणि या सगळ्या गदारोळात एका प्रश्नाचे उत्तर कोणीच देऊ शकले नाही. चूक की बरोबर हे ठरवणार कोण?

क्रिकेटमध्ये बोट वर करणारा पंच असतो. कबड्डीत शिट्टी असते. बुद्धिबळात घड्याळ असते. गिर्यारोहण हा बहुधा एकमेव मोठा खेळ असावा, ज्यात मैदानावर पंच नाही, प्रेक्षक नाहीत आणि लिखित नियमांचे पुस्तकही नाही. वर जे घडले त्याचा साक्षीदार बहुतेक वेळा खेळाडू स्वतःच. मग हा खेळ गेली दीडशेहून अधिक वर्षे चालला आहे तो कशावर? माझे उत्तर थोडे विचित्र वाटेल, पण ते असे आहे : तो चालला आहे भांडणांवर.

मी काही कडे चढणाऱ्यांपैकी नव्हे. पण सह्याद्रीतल्या पायथ्याच्या गावांमधून, कोणाच्या तरी ओसरीवर पिठले-भाकरीची वाट पाहत बसलेल्या या मंडळींच्या गप्पा मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. त्या गप्पांना चेष्टामस्करीचा रंग असतो. "तू चढलास की तुला ओढले?" हा तर ठरलेला टोमणा. कोणी सुळक्यावर चार बोल्ट जास्त ठोकले की, "अरे, मग शिडीच लावायची होतीस, बोल्टचा खर्च तरी वाचला असता!" असे कोणीतरी म्हणणारच. ऐकणाऱ्याला वाटावे, ही नुसती टवाळी आहे. पण जरा लक्ष देऊन ऐकले की कळते, हसत हसत इथे न्यायनिवाडा चालला आहे. पंच नसलेल्या खेळात एकमेकांची टोपी उडवणे हाच पंचनामा असतो.

हवेचे भांडण

झेनॉनचा वाद नवा वाटतो, पण त्याचे मूळ शंभर वर्षांपूर्वीचे आहे. १९२२ साली ब्रिटिशांची मोहीम एव्हरेस्टवर गेली तेव्हा जॉर्ज फिंच या गिर्यारोहकाने प्राणवायूची नळकांडी वापरण्याचा आग्रह धरला. मोहिमेशी संबंधित बड्या मंडळींनी नाके मुरडली. सभ्य माणसाने आपल्या फुप्फुसांवर चढावे, बाटलीतल्या हवेवर नव्हे, असा त्यांचा एकंदर सूर होता. गंमत अशी की, त्या वर्षी नळकांडीविना गेलेली मॅलरी आणि सोबत्यांची तुकडी सुमारे ८,२२५ मीटरपर्यंत पोचली, तर फिंच आणि जेफ्री ब्रूस नळकांड्यांसह त्याहून थोडे वर, सुमारे ८,३२० मीटरपर्यंत गेले. वाद मिटला नाही. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी माथ्यावर पोचले ते प्राणवायू घेऊनच, आणि तो घेतला नाही तर मनुष्य तिथे जिवंत राहूच शकणार नाही, असे अनेक जाणकारांचे मत होते.

८ मे १९७८ रोजी राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर हे दोघे प्राणवायूशिवाय एव्हरेस्टवर जाऊन जिवंत परत आले आणि जाणकारांच्या मताला धक्का बसला. त्यापाठोपाठ अनेकजण गेले. नेपाळचे अंग रिता शेर्पा तर दहा वेळा प्राणवायूशिवाय चढून आले. फू दोरजी हे १९८४ साली असे चढलेले पहिले भारतीय.

हे दोघे वर गेले ते कशासाठी? कोणत्याही नियमाने त्यांना नळकांडे वापरायला मनाई केली नव्हती. ते गेले, कारण पन्नास-पंचावन्न वर्षे चाललेल्या वादात एक बाजू त्यांना पटली होती. विज्ञानाला जे सिद्ध करता आले नाही, ते एका भांडणाने सिद्ध करायला लावले. वादाला आपण नेहमी वेळेचा अपव्यय म्हणतो. इथे वादाने माणसाच्या क्षमतेची सीमा पुढे सरकवली.

लोखंडाचे भांडण

दुसरे भांडण लोखंडाचे. कड्यावर चढणारा माणूस पडला तर दोराने लटकून राहावा म्हणून त्याचा दोर कुठेतरी अडकवावा लागतो. त्यासाठी भेगेत खिळ्यासारखे पिटॉन ठोकायचे, नाहीतर कातळाला भोक पाडून बोल्ट बसवायचा. पण प्रत्येक घावागणिक कातळ जखमी होतो, आणि पुढच्याला मिळतो तो आधीच्याने कुरतडलेला कडा.

अमेरिकेत इव्हॉन शुनार नावाचा तरुण असे पिटॉन स्वतः घडवून विकत असे. त्याचा माल इतका उत्तम की धंद्याचा मोठा भाग त्यावरच उभा होता. पण आपल्याच मालाने योसेमिटीचे कडे छिन्नविछिन्न होताहेत हे पाहून १९७२ साली त्याने आणि त्याचा भागीदार टॉम फ्रॉस्ट याने आपल्याच सूचीपत्रात ग्राहकांना आवाहन केले : पिटॉन ठोकू नका, भेगेत हाताने बसवता आणि हाताने काढता येतील असे धातूचे तुकडे वापरा. दुकानदाराने गिऱ्हाइकाला 'माझा माल घेऊ नका' म्हणून सांगणे ही व्यापाराच्या इतिहासातली दुर्मीळ घटना म्हणावी लागेल. त्यामागे सरकारी हुकूम नव्हता, होती ती गिर्यारोहकांमधली धुमसती चर्चा.

जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या वालुकाश्माच्या सुळक्यांवर तर याहून कडक रीत आहे. तो दगड इतका मऊ की धातूचे तुकडेही त्याला सोसत नाहीत. म्हणून तिथे भेगेत दोराच्या गाठी अडकवून चढतात. हाताचा घाम टिपायला खडूची पूडसुद्धा चालत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या चढणाऱ्यांनी आपसांत वाद घालून ही रीत घालून घेतली आणि शंभर वर्षांनंतरही ती पाळली जाते.

पण सर्वच भांडणे इतकी गोड संपत नाहीत. दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिनाच्या टोकाला सेरो टोरे नावाचा सुमारे ३,१०० मीटर उंचीचा, भाल्यासारखा सरळ सुळका आहे. इटलीच्या चेझारे माएस्त्री याने १९५९ साली तो सर केल्याचा दावा केला. त्याचा सोबती टोनी एगर उतरताना मरण पावला होता आणि कॅमेरा त्याच्याबरोबर गेला, असे माएस्त्रीचे म्हणणे. पुढे लोक शंका घेऊ लागले. संतापलेला माएस्त्री १९७० साली परत गेला तो पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर घेऊन! त्या यंत्राने कातळात भोके पाडत त्याने जवळजवळ चारशे बोल्ट ठोकले. माथ्यावरच्या बर्फाच्या छत्रीवर मात्र तो चढलाच नाही. ती काय, कधीतरी वाऱ्याने उडून जाईल, असा त्याचा युक्तिवाद. तो कॉम्प्रेसर त्याने कड्यावरच लटकत ठेवला.

चाळीस वर्षे त्या बोल्टांवरून जगभरचे गिर्यारोहक भांडले. मेसनरने १९७१ साली लेख लिहून, अशा यंत्रबळाने 'अशक्य' या गोष्टीचाच खून होतो, असा आरोप केला. २००७ साली पायथ्याच्या एल चाल्तेन गावात गिर्यारोहकांची सभा भरली आणि बहुमताने ठरले की, झाले ते झाले, बोल्ट राहू द्यावेत. जानेवारी २०१२ मध्ये मात्र हेडन केनेडी आणि जेसन क्रुक हे दोन तरुण माएस्त्रीच्या बोल्टांच्या शिडीवर विसंबून न राहता वर गेले आणि उतरताना त्यांनी सुमारे सव्वाशे बोल्ट उपटून काढले. गावात उतरताच लोकांनी त्यांना घेरले, पोलिसांनी ताब्यात घेऊन बोल्ट जप्त केले. त्याच आठवड्यात डेव्हिड लामा नावाचा तरुण त्याच कड्यावरून बोल्टला धरून ओढून न घेता, हातापायांच्या बळावर चढून गेला.

आता यात बरोबर कोण? बोल्ट ठोकणारा माएस्त्री मनमानी करून गेला, हे खरेच. पण सभेचा कौल झुगारून ते उपटणाऱ्या पोरांना तरी तो हक्क कोणी दिला? मला विचाराल तर डोंगराच्या दृष्टीने पोरे बरोबर होती आणि गावाच्या दृष्टीने चूक. हा पेच सुटण्यासारखा नाही, म्हणूनच त्याची चर्चा आजही संपत नाही, आणि संपू नये.

ज्यांना कोणी विचारलेच नाही

इथवरच्या साऱ्या वादात एक मोठी उणीव राहून गेली. वाद घालणारे जवळजवळ सगळे गोरे, हौशी आणि खाऊनपिऊन सुखी. ज्यांच्या पाठीवर त्यांचे ओझे होते ते कुठे होते? १९२२ च्या त्याच मोहिमेत हिमलोटाखाली सात हमाल गाडले गेले. प्राणवायू सभ्य की असभ्य, यावर त्यांचे मत कोणी विचारले नव्हते.

एप्रिल २०१३ मध्ये एव्हरेस्टच्या दुसऱ्या तळावर हा साचलेला राग फुटला. शेर्पा वर दोर बांधत असताना तीन युरोपीय गिर्यारोहक त्यांच्याजवळून वर गेले. आमच्यावर बर्फ पडला, असे शेर्पांचे म्हणणे, तर आम्ही कोणाला धक्का लावला नाही, असे त्या तिघांचे. शब्दाने शब्द वाढला, शिवी गेली आणि प्रकरण दगडफेकीपर्यंत गेले. जगातल्या वृत्तपत्रांनी 'जगातली सर्वांत उंच मारामारी' म्हणून चवीने छापले. पण वर्षभरातच, १८ एप्रिल २०१४ रोजी, खुंबूच्या हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळून सोळा नेपाळी कामगार मरण पावले. सरकारने प्रत्येक कुटुंबाला तातडीची मदत जाहीर केली ती चाळीस हजार नेपाळी रुपये! तेव्हा शेर्पांनी त्या हंगामात चढायलाच नकार दिला. विम्याची रक्कम वाढली ती त्यानंतर.

१६ जानेवारी २०२१ रोजी दहा नेपाळी गिर्यारोहकांनी हिवाळ्यात के-टू हे शिखर प्रथमच सर केले. माथ्याच्या थोडे अलीकडे थांबून, एकमेकांची वाट पाहून, ते दहाही जण बरोबरच वर गेले. 'पहिला कोण' या गिर्यारोहणातल्या जुन्या भांडणाला त्यांनी दिलेले हे उत्तर मला फार बोलके वाटते. वादात उशिरा सामील झालेला माणूस कधी कधी वादाचा विषयच बदलून टाकतो.

आपल्या अंगणात

हे सगळे दूरदेशीचे झाले, आपला काय संबंध, असे वाचकांनी म्हणू नये. सह्याद्रीचा कातळ ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, थरावर थर बसलेला. मध्येच ठिसूळ मुरूम, मध्येच गवताचा पट्टा. दोर अडकवायला विश्वासाची भेग सहसा मिळत नाही. त्यामुळे तैल-बैला असो, लिंगाणा असो की नागफणी, आपल्याकडे बोल्टशिवाय फार थोड्या चढाया होतात. योसेमिटीचे सोवळे इथे जसेच्या तसे चालणार नाही, हे आपल्या मंडळींनी वाद घालूनच ठरवले. पण चार महिन्यांच्या पावसात लोखंड गंजते. कोणे एके काळी हाताने भोक पाडून ठोकलेल्या बोल्टवर आज कोणाचा तरी मुलगा लटकत असतो. मग जुना काढून नवा पक्का बसवायचा का? बसवताना पहिल्यांदा चढलेल्यांना विचारायचे का? मध्ये दोन बोल्ट वाढवले तर सुरक्षितता वाढते की चढाईतला कस जातो? हे प्रश्न ओसरीवरच्या गप्पांतले आहेत, पण त्यांच्या उत्तरावर जीव टांगलेला आहे, आणि हे अलंकारिक अर्थाने नव्हे.

आणि दुसरी आठवण कडू आहे. १९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले तेव्हा महाराष्ट्राला केवढा आनंद झाला होता. त्यानंतर अनेक मराठी तरुण-तरुणी त्या वाटेने गेले. पण २०१६ साली पुण्यातल्या एका दांपत्याने एव्हरेस्ट सर केल्याचा दावा केला, तो खोटा निघाला. छायाचित्रे दुसऱ्याची होती. सरकारी यंत्रणेने तर आधी प्रमाणपत्रही देऊन टाकले होते. शंका घेतली ती गिर्यारोहकांनीच. सावल्या कुठे पडल्या, कपडे कोणते, इतक्या थोड्या वेळात इतके अंतर कापले कसे, असे टोचणारे प्रश्न त्यांनी विचारले. नेपाळने अखेर प्रमाणपत्र रद्द केले आणि दहा वर्षांची बंदी घातली. कागदी शिक्क्याला जे दिसले नाही, ते भांडकुदळ बिरादरीला दिसले.

भांडण थांबले की काय होते?

मग आज बिघडले आहे ते काय? माझ्या मते हे : शिखर विकत घेणारा गिऱ्हाईक या वादात कधी सामीलच नसतो. त्याने ना ओसरीवरचे टोमणे ऐकलेले, ना कोणाच्या दोराला हात दिलेला. त्याने पैसे भरले आहेत आणि त्याला माथा हवा आहे. मे २००६ मध्ये डेव्हिड शार्प हा गिर्यारोहक एव्हरेस्टच्या वाटेवर मरणपंथाला लागलेला असताना कितीतरी माणसे त्याच्या बाजूने गेली. वयोवृद्ध हिलरींनी त्यावर जाहीर संताप व्यक्त केला होता. मे २०१९ मध्ये माथ्याखाली लागलेल्या रांगेचे छायाचित्र जगाने पाहिले. या रांगेतल्या माणसाला 'तू चढलास की तुला ओढले?' असे विचारणारा मित्र नव्हता.

आणि जिथे आपसांतला धाक संपतो, तिथे सरकारी फतवा येतो, हा सर्वच क्षेत्रांतला अनुभव आहे. नेपाळने सप्टेंबर २०२५ पासून एव्हरेस्टच्या वसंतातल्या परवान्याची फी अकरा हजार डॉलरवरून पंधरा हजार केली. आठ हजार मीटरवरच्या शिखरांसाठी दर दोन गिर्यारोहकांमागे एक मार्गदर्शक सक्तीचा केला. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणून आयोजक संस्थांना नोंदणीचे बंधन घातले. नियम हवेतच. दर शनिवार-रविवारी शंभर-शंभर पोरे गडावर नेणाऱ्यांना कोणीतरी जाब विचारायलाच हवा. पण फी वाढवून विवेक वाढत नाही. पंधरा हजार डॉलर भरणाऱ्याला अकरा हजार भरणाऱ्यापेक्षा मरणाऱ्याची दया जास्त येईल, असे समजण्याचे काही कारण नाही.

या व्यवहारात आपणही, म्हणजे डोंगर न चढणारे, अगदी निरपराध नाही. चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक आपणच लावतो. शाल-श्रीफळ देतो ते माथा गाठणाऱ्याला. हवा बिघडली म्हणून माथ्याच्या शंभर मीटर खालून शहाणपणाने परत फिरलेल्या मुलीचा सत्कार झालेला मी तरी पाहिलेला नाही. मुलगा परत आला की आपला पहिला प्रश्न असतो, "पोचलास का?" तोच प्रश्न पुढे त्याच्या पायांना घाई करायला लावतो.

तेव्हा घरातले कोणी पाठीवर सॅक टाकून निघाले, तर ते कोणत्या संस्थेबरोबर जाते आहे, दोर कोण बांधतो, बोल्ट केव्हाचे आहेत, परत फिरायचे कधी हे आधी ठरले आहे का, एवढे तरी विचारावे. आणि आल्यावर "पोचलास का?" याऐवजी "कसा गेलास?" असे विचारावे. गिर्यारोहक शंभर वर्षे एकमेकांशी भांडत आले ते या 'कसा'साठीच. ते भांडण त्यांच्यापुरते राहिले, तर बाजार त्यांना गिळून टाकील. त्यात आपण सामील झालो, तर वर चढणाऱ्या आपल्याच पोरांच्या दोराला खाली धरणारे आणखी दोन हात मिळतील.